हेरल्डचं माहेर

२०२३ साली अहमदाबादच्या एका कुटुंबाने १९५० सालची आपली लाल एम.जी. वायटी गाडी चालवत थेट इंग्लंड गाठलं. मधला आखातापर्यंतचा टप्पा बोटीने, बाकी बहुतेक रस्त्याने. सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर करून ती गाडी ॲबिंग्डनला पोचली, म्हणजे जिथे ती बनली त्याच गावी. सत्तरी ओलांडलेली लेक माहेरी आली म्हणा ना!

बातमी वाचली आणि खिडकीतून खाली पाहिलं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली बाबांची हेरल्ड उभी होती. स्टँडर्ड हेरल्ड, मॉडेल १९६६. मनात आलं, हिचं माहेर कुठलं?

थोडा इतिहास सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना 'हेरल्ड' म्हटलं की वर्तमानपत्र आठवतं.

ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. रेखाटन इटलीच्या मिकेलोत्तीचं. त्या काळात मोटारींचा सांगाडा आणि बॉडी एकसंध करण्याची पद्धत रुळली होती. हेरल्डने मात्र जुन्यासारखी वेगळी चासी ठेवली. त्यामागे नाइलाज होता. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला होता, त्यामुळे बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून ते नट-बोल्टने जोडायचे असं ठरलं. या नाइलाजातून दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे हीच चासी आखूड करून तिच्यावर दोन माणसांची उघडी बॉडी चढवली आणि १९६२ साली 'स्पिटफायर' ही स्पोर्ट्स कार जन्मली. दुसरी म्हणजे अशी सुट्या भागांची गाडी खोक्यात भरून परदेशी पाठवणं आणि तिथे जोडणं सोपं होतं. तशी ती १९६१ पासून मद्रासजवळ वंडलूरला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात बनू लागली.

म्हणजे आमची हेरल्ड स्पिटफायरची सख्खी बहीण. एकीला रूप आणि दोन कार्ब्युरेटर मिळाले, दुसरीला ९४८ सीसीचं इंजिन आणि भारतीय कुटुंबांची ओझी!

खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडच्या मध्यमवर्गाला मिळणं शक्यच नव्हतं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं, की जो गाडी इथे बनवेल तोच राहील, नुसती जोडणी करणाऱ्याने जावं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेली. मागे उरल्या तीन मोटारी: कलकत्त्याची ॲम्बॅसॅडर, आमच्या कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. गाडीचा नंबर कसा लागायचा याचा नियंत्रण आदेश १९५९ साली आला आणि १९६९ साली सरकारने किमतीही बांधून दिल्या. लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघत. त्या काळात पुढचं अख्खं बॉनेट मगरीच्या जबड्यासारखं उघडणारी दोन दारांची हेरल्ड हीच आमची स्पोर्ट्स कार होती.

बाबांनी ती १९७४ साली सेकंडहँड घेतली. घरात त्यावरून चेष्टा चाले, कारण काका प्रीमियरमध्ये, म्हणजे फियाटच्या कारखान्यात फिटर होते. "भाऊ फियाट बनवतो आणि दादाच्या दारात हेरल्ड!" असं आजी म्हणायची. पण त्या हेरल्डला चालतं ठेवलं ते काकांनीच. स्टँडर्डचे पार्ट मिळेनासे झाले तसे ते फियाटचे, कधी ॲम्बॅसॅडरचे पार्ट घासून, ठोकून बसवत गेले. इग्निशन कॉइल फियाटची, हॉर्न फियाटचा, अशी ती सोयरीक होती. दोघा भावांचं एक ठरलेलं होतं, "एकदा हिला वंडलूरला नेऊन आणू." १९८८ साली तो कारखाना बंद पडला. बाबा २००९ साली गेले. गाडी ताडपत्रीखाली गेली.

बातमी वाचली त्याच महिन्यात मी गाडी घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये दिली. मला सगळं 'ओरिजिनल' हवं होतं. गंमत अशी की स्पिटफायर आणि हेरल्डचे पुष्कळसे पार्ट इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात, घरबसल्या मागवता येतात. मी कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रबरं, सगळं मागवलं. काका तेव्हा ७९ वर्षांचे. रोज मुलुंडहून लोकलने गॅरेजमध्ये येऊन स्टुलावर बसत. फियाटची कॉइल काढली तेव्हा एवढंच म्हणाले, "चालत होती की ती." काढलेले सगळे भाग त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरी नेले.

ओरिजिनलचं वेड एकट्या माझंच नाही. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी हवी. अशा नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला नाही. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. जुनाच नंबर ठेवून साधं नूतनीकरण केलं. गाडी दाखवायची नव्हती, चालवायची होती.

जानेवारी २०२४ मध्ये निघालो, मी आणि काका. ऐरोली पूल, पनवेल, खोपोली आणि मग जुन्या रस्त्याने बोरघाट. हा घाटरस्ता १८३० सालचा, गव्हर्नर माल्कमच्या वेळचा. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराचं देऊळ आलं तसं काकांनी खिडकीतून नाणं टाकलं. "दादा न चुकता टाकायचा," म्हणाले. इंजिन तापलं, पण उकळलं नाही. ताशी साठच्या वर जायचं नाही असा काकांचा हुकूम होता, कारण हेरल्डची मागची चाकं जोरात वळताना आत दुमडतात. त्यामुळे कोल्हापूर गाठेपर्यंत आम्हाला ऊस वाहणारे ट्रॅक्टर सोडून सगळ्यांनी मागे टाकलं.

दावणगेरेच्या पुढे गाडी आचके देऊ लागली आणि बंद पडली. पाऊण तास थांबलो, गार झाल्यावर चालली, दहा किलोमीटरवर पुन्हा बंद! काकांनी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, मला स्टार्टर मारायला लावला आणि पॉइंटमधली ठिणगी बघत राहिले. निळी-पांढरी, भरमसाट उडत होती. "कंडेन्सर गेला. नवा आहे ना, म्हणून." मी चिडलो होतो, घाबरलोही होतो. ७९ वर्षांचा माणूस हायवेच्या कडेला उन्हात उभा, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातायत, आणि हा उद्योग कोणासाठी? माझ्या हौसेसाठी!

काकांनी डिकीतून बिस्किटांचा डबा काढला. मला माहीतच नव्हतं तो बरोबर आहे म्हणून. त्यातून फियाटचा जुना कंडेन्सर काढला, डिस्ट्रिब्यूटरच्या आत तो मावत नव्हता म्हणून बाहेरच कॉइलच्या पट्टीखाली आवळला, वायर कॉइलला जोडली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. हात पुसत म्हणाले, "हा मी आणि दादाने ८५ च्या गणपतीत बसवला होता."

पुढचे जवळजवळ सहाशे किलोमीटर त्या कंडेन्सरवर गेलो.

गाडी चालवताना मी तोच विचार करत होतो. मी जे 'ओरिजिनल' शोधत होतो ते १९६६ च्या एका दिवसापुरतं खरं होतं, गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापुरतं. त्यानंतरचा तिचा सगळा इतिहास त्या डब्यात होता. टंचाई, नंबर लावणं, न मिळणारे पार्ट आणि कुर्ल्याच्या फिटरचे हात. मी गाडी नवी करताना नेमका तोच पुसून टाकत होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वंडलूरच्या बाजूला पोचलो. कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आणि आयटी कंपन्यांची ऑफिसं आहेत. गाडी रस्त्याच्या कडेला लावून आम्ही चहा प्यायलो. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या कुर्ल्यालाही हेच झालं." तेही खरंच. प्रीमियरच्या जागेवर इमारती झाल्या, पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. कुर्ल्यात नावापुरता प्रीमियर रोड राहिलाय.

ॲबिंग्डनचा एम.जी.चा कारखानाही १९८० सालीच बंद झाला. त्या लाल गाडीलाही माहेरी गाव भेटलं, घर नाहीच. हे मला तिथे चहा पिताना आठवलं आणि बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

असो. गाडी परत आवारात उभी आहे. इंग्लंडची कॉइल डब्यात गेली आणि फियाटची पुन्हा गाडीत बसली. कंडेन्सर अजून बाहेरच आवळलेला आहे. गॅरेजवाला म्हणतो, नीट आत बसेल असा दुसरा देतो. मी म्हटलं, राहू दे, चालतोय की तो.