उत्तर कोकणचे राजे आणि अरब दर्यावर्दी

कोकणात मुसलमान कधी आले असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकजण दिल्लीच्या सुलतानांचे नाव घेतात. परीक्षेच्या पुस्तकात तोच क्रम असतो, त्यामुळे मुलांना दोष देता येत नाही. परंतु दिल्लीची सुलतानशाही इ.स. १२०६ मध्ये स्थापन झाली. त्यापूर्वी जवळजवळ तीनशे वर्षे आपल्या किनाऱ्यावर अजान ऐकू येत होती.

याचे कारण प्रथम भूगोलात शोधावे लागते. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांमधील ही चिंचोळी पट्टी. जमीन थोडी, डोंगर फार. पण खाड्या मात्र विपुल. सोपारा, ठाणे, चौल ही बंदरे खाड्यांच्या आश्रयाने वाढली आणि नाणेघाट, बोरघाट या वाटांनी देशावरचा माल तेथे उतरू लागला. अरबस्तान व इराणच्या आखातातून नैऋत्य वारा गलबते इकडे आणी, ईशान्य वारा ती परत नेई. ऐन पावसाळ्यात समुद्र बंद. साहजिकच वाऱ्याची वाट पाहत व्यापाऱ्यांचा मुक्काम महिनोन् महिने पडे. मुक्कामातून घरे झाली, घरांतून मोहल्ले झाले.

त्या काळी उत्तर कोकणावर शिलाहार घराणे राज्य करीत होते व ते राष्ट्रकूट सम्राटांचे मांडलिक होते. हिजरी ३०४ (इ.स. ९१६) च्या सुमारास प्रसिद्ध प्रवासी अल्‌-मसूदी चौल येथे आला. तो या शहरास सैमूर म्हणतो व राजाचे नाव झंझ असे देतो. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे त्याने लिहिले आहे. त्यांत ओमान, सिराफ, बसरा, बगदाद येथून आलेले होते, तसेच याच मातीत जन्मलेलेही होते. त्यांचे तंटे मिटविण्यासाठी राजा त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमीत असे.

याहून नवलाची हकीकत चिंचणी (जि. पालघर) येथे सापडलेल्या शके ८४८ (इ.स. ९२६) च्या ताम्रपटात आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय, असे विद्वान मानतात. या अधिकाऱ्याने लोकांसाठी फुकट तर चालविली. भात, कालवण व तूप देणारे अन्नछत्र उघडले. आणि देवीच्या मठासाठी जमीन दिली. राजा हिंदू, सुभेदार मुसलमान, दान मठाला आणि लेख संस्कृतात! पालकांनी हा ताम्रपट मुलांना अवश्य सांगावा, कारण तो कोणाच्या कल्पनेतून आलेला नसून तांब्यावर कोरलेला आहे.

पुढे यादव राजा महादेव याने इ.स. १२६५ च्या सुमारास शिलाहारांचे राज्य संपविले. शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. त्यानंतर यादवही गेले. परंतु बंदरांतील वस्ती राजांबरोबर उठून गेली नाही. अलिबागजवळ नागाव येथे शके १२८९ (इ.स. १३६७) चा मराठी शिलालेख आहे. तो हंबीरराव या राजाच्या काळचा असून त्यात शक संवताबरोबर हिजरी सनही कोरलेला आहे.