तळटीप १४ : निसटणारे अल्फा कण

१४. डॉ. होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हा परिषदेत संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत काबूत येईल, असे भाकीत केले होते. ते लांबण्याचे जे एक कारण लेखकाने ओझरते सांगितले आहे, ते उलगडायला हवे. ड्युटेरियम आणि ट्रिटियमच्या संमीलनातून १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन आणि ३.५ दशलक्षांचा अल्फा कण निघतो. न्यूट्रॉन विद्युतभाररहित, त्यामुळे प्लाझ्मा (संमीलनाचा तप्त आयनवायू) कोंडून ठेवणाऱ्या चुंबकाला जुमानत नाही. अल्फा कणाने मात्र प्लाझ्मात थांबून त्याला तापवत ठेवायचे असते. तो आधीच निसटला, तर प्लाझ्मा निवतो आणि वर भिंतही भाजते. आल्फ्वेन लहरी (प्लाझ्मातल्या चुंबकीय लहरी) त्याला बाहेर ढकलतात, हे खरेच. पण मुळात चुंबकक्षेत्रच सलग नसते. ते सुट्या वेटोळ्यांचे (फ्रान्समधल्या ईटर यंत्रात १८), म्हणून दोन वेटोळ्यांमध्ये किंचित क्षीण होते. तिथे सापडलेला कण मागेपुढे हेलकावत हळूहळू वर किंवा खाली सरकतो आणि भिंतीवर आदळतो. विरार गाडीत दाराशी अडकलेला माणूस उतरायचे नसतानाही अंधेरीच्या फलाटावर लोटला जातो, तसा. यावरच्या उपायात भारताचा वाटा आहे, आणि मूळ लेखात तो सुटायला नको होता. ईटरच्या निर्वात पात्राच्या दोन भिंतींमधले पोलादी ठोकळे भारताने पुरवायचे ठरले. त्यांतल्या काही पट्ट्या मुद्दाम चुंबकीय पोलादाच्या आहेत. त्यांच्यामुळे क्षेत्रातला हा चढउतार कमी होतो. – संपादक