आवाजावर आवाजाचा उतारा

गेल्या एप्रिल महिन्यात आम्ही दोन दिवस मंठ्याला एका जुन्या वर्गमित्राकडे मुक्कामाला होतो. मंठा हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मित्र तेथे गणित आणि विज्ञान शिकवतात. त्यांची मुलगी यंदा बारावीला असून ‘नीट’ परीक्षेची तयारी करते आहे. घर रस्त्याला लागून. समोर पिठाची गिरणी, कोपऱ्यावर विजेची डीपी, घरात दिवसरात्र चालणारा कूलर आणि लग्नसराई असल्यामुळे संध्याकाळी डीजे. मुलीची मागणी एकच होती : बाहेरचा आवाज नाहीसा करणारा बिनतारी हेडफोन हवा. उत्तम प्रतीच्या अशा हेडफोनची किंमत २५-३० हजार रुपयांपासून सुरू होते आणि ६० हजारांच्या आसपासही जाते. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याने स्वतःचा एक आणि मित्राचा एक असे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे हेडफोन पाहण्यासाठी आणून दिले होते.

“तू कंपनांवर डॉक्टरेट केलीस ना? मग सांग, यातला कोणता घेऊ?” मित्राने विचारले.

आमचा अभ्यास कंपनांचा आहे, बाजारातील मालाचा नाही. तरीही या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या वस्तूच्या इतिहासात दडलेले आहे, असे आमच्या लक्षात आले. हे यंत्र कोणत्या आवाजासाठी जन्माला आले ते कळले, की आपल्या घरी त्याचा किती उपयोग होईल याचाही अंदाज येतो.

आवाजात आवाज मिसळला तर तो वाढतो, हा आपला रोजचा अनुभव. पण तो नेहमीच खरा नसतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या आणि किंचित फरक राहिला, की नाद हेलकावे खाऊ लागतो. तो क्षणात भरून येतो आणि क्षणात विरतो. वादक मणी सरकवून हे हेलकावे घालवतो. यांनाच पाठ्यपुस्तकात विस्पंद म्हणतात. इंग्लंडमधील थॉमस यंग या डॉक्टरने १८०० साली ध्वनी आणि प्रकाशावरील निबंधात विस्पंदांचा विचार लहरींच्या मिश्रणातून केला होता. त्याच विचारातून पुढे प्रकाशाच्या व्यतिकरणाचा शोध लागला. एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला, तर दोन्ही मिळून काहीच उरत नाही.

वर्गात हे दाखवण्यासाठी हेडफोन लागत नाही, एक नादकाटा पुरतो. तो वाजवून कानाजवळ उभा धरावा आणि दांडा बोटांत सावकाश फिरवावा. एका पूर्ण फेऱ्यात आवाज चार वेळा जवळजवळ नाहीसा होतो. काट्याच्या दोन भुजा परस्परविरुद्ध हालतात. त्यांच्यामधील हवा दाबली जाते तेव्हा बाहेरच्या अंगाची हवा विरळ होते, आणि चार दिशांना हे दोन परिणाम एकमेकांना खोडून काढतात. शिक्षकांपैकी फार थोड्यांनी हा प्रयोग केलेला असतो, असा आमचा अनुभव आहे.

निसर्गात घडणारी ही गोष्ट मुद्दाम घडवून आणता येईल, ही कल्पना स्पष्टपणे मांडणाऱ्यांत जर्मनीचा पाउल ल्यूग अग्रभागी आहे. त्याने २७ जानेवारी १९३३ रोजी जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. (पुढच्या तीनच दिवसांत हिटलर चान्सेलर झाला.) अमेरिकेचे पेटंट त्याला जून १९३६ मध्ये मिळाले. त्यातील आकृती आजही फळ्यावर काढावी इतकी सोपी आहे. एका नळीतून आवाज पुढे चालला आहे. वाटेत मायक्रोफोन तो टिपतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर विजेचा संकेत तारेतून त्याच्या कितीतरी पुढे धावतो. म्हणून आवाज पुढच्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत तेथील ध्वनिक्षेपक नेमका उलटा आवाज घेऊन तयार असतो. कल्पना अचूक होती, पण तिला पुरी पडतील अशी साधने त्या काळच्या निर्वात नळ्यांच्या प्रवर्धकांत नव्हती. पेटंट कागदावरच राहिले.

दुसरे नाव हॅरी ओल्सन यांचे. अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी आणि एव्हरेट मे यांनी १९५३ साली ‘इलेक्ट्रॉनिक ध्वनिशोषक’ मांडला. ध्वनिक्षेपकाच्या अगदी पुढे मायक्रोफोन ठेवायचा. तेथे जो आवाज येईल तो उलटा करून ध्वनिक्षेपकाला द्यायचा, म्हणजे मायक्रोफोनच्या आसपास शांततेचा एक लहानसा डोह तयार होतो. हे कोणाच्या उपयोगाचे, याचाही त्यांनी विचार केला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर विमानातला आणि मोटारीतला प्रवासी होता, तसाच कारखान्यात यंत्रापाशी उभा राहणारा कामगारही होता. हा कामगार वाचकांनी लक्षात ठेवावा.

डोह लहानसाच का? १९५६ मध्ये अमेरिकेत विल्यम कॉनोव्हर यांनी विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट ध्वनिक्षेपकांनी मारण्याचा प्रयत्न केला. हा आवाज एकसुरी, म्हणजे या कामाला सर्वांत सोपा. मंठ्याच्या कोपऱ्यावरची डीपी हाच सूर धरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून मूळ सूर १०० हर्ट्झचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तेथे तो १२० हर्ट्झचा. कॉनोव्हर यांना एका दिशेला शांतता मिळाली, पण इतर दिशांना आवाज उलट वाढला. मोकळ्या जागेत एका बिंदूपाशी दोन लहरी जुळवल्या, तर दुसऱ्या बिंदूपाशी त्या जुळतीलच असे नाही. शांततेचा डोह साधारण तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतका असतो, असा ढोबळ नियम आहे. १०० हर्ट्झला तरंगलांबी ३.४ मीटर, म्हणजे डोह ३४ सेंटिमीटरचा. १,००० हर्ट्झला तो जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. संपूर्ण वर्गखोली शांत करणारे यंत्र का निघत नाही, असे विद्यार्थ्यांनी विचारल्यास हे उत्तर द्यावे. मग तो डोह कानावरच बांधला तर? हेडफोनची कल्पना ती हीच.

१९५० च्या दशकात लॉरेन्स फोगेल यांनी हेलिकॉप्टर आणि विमानांच्या चालककक्षांसाठी अशा साधनांची पेटंटे घेतली. त्यानंतर बराच काळ फारसे काही बाजारात आले नाही. १९७८ साली अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने निघाले. बंगालमधून इंग्रजांच्या कारवाईमुळे अमेरिकेला गेलेल्या नोनी गोपाल बोस या क्रांतिकारकाचे ते चिरंजीव. ते एमआयटीत प्राध्यापक होते आणि १९६४ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली होती. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात कागदावर आकडेमोड सुरू केली. ‘व्हॉयेजर’ या विमानाने डिसेंबर १९८६ मध्ये न थांबता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यातील डिक रुटन आणि जीना येगर या वैमानिकांजवळ या हेडफोनचे नमुने होते. वैमानिकांसाठी विक्री १९८९ साली सुरू झाली. जर्मनीत सेनहायझर कंपनीही त्याच दशकात लुफ्थान्साच्या वैमानिकांसाठी हेच काम करत होती. सामान्य ग्राहकाला बोस यांचा हेडफोन २००० साली मिळाला. त्या प्रवासानंतर बावीस वर्षांनी! बिनतारी आणि आवाज मारणारे हेडफोन तर २०१६ च्या सुमारास बोस, सोनी अशा कंपन्यांकडून सर्वत्र आले.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ‘बिनतारी’पणाचा आवाज मारण्याशी काही संबंध नाही. ब्लूटूथने येते ते गाणे किंवा व्याख्यान. उलटा आवाज तयार होतो तो कानावरच्या वाटीत, तिच्या आत-बाहेर बसवलेल्या मायक्रोफोनांच्या साहाय्याने.

आता गणित. उलट्या आवाजाला थोडा उशीर होतोच. दोन सेंटिमीटर अंतर कापायला ध्वनीला लागतो तेवढा, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिसेकंद उशीर झाला असे धरू. १०० हर्ट्झच्या आवाजाचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते. त्यात हा उशीर जेमतेम २ अंशांचा, आणि मूळ आयामाच्या चार टक्क्यांहूनही कमी आवाज उरतो. ३,४०० हर्ट्झला मात्र आवर्तन केवळ ०.२९ मिलिसेकंदांचे, आणि तोच उशीर ७२ अंशांचा होतो. उरलेला आयाम हा कलेतील चुकीच्या निम्म्या कोनाच्या साइनच्या दुप्पट असतो. तो येथे मूळच्या १.१८ पट भरतो. म्हणजे आवाज मारायला गेलो आणि वाढवून बसलो! सीमारेषा ६० अंशांवर आहे. नववी-दहावीच्या हुशार विद्यार्थ्यांकडून आलेख काढून हे करून घेता येईल. म्हणूनच उत्पादक उंच सुरांच्या वाटेला सहसा जात नाहीत. ते काम वाटीभोवतीच्या मऊ गादीवर सोडतात. विजेचे कसब सुमारे १,००० हर्ट्झच्या खालच्या, एकसारख्या चालणाऱ्या आवाजावर चालते. विमानाची घरघर अशीच असते.

दुपारी आम्ही दोन्ही हेडफोन घेऊन बसलो. कूलरजवळ दोघांचीही कामगिरी पाहण्यासारखी होती. बटण दाबताच पंख्याची घरघर कोणी पुसून टाकावी तशी गेली. डीपीचा सूरही गेला. गिरणीचा खालचा घुमारा कमी झाला, पण पट्ट्याची फटफट राहिली. रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न दोघांतूनही आरपार आला. संध्याकाळी डीजेचा धडधडाट बराच खाली गेला आणि गाण्याचे शब्द तेवढे शिल्लक राहिले. मुलगी म्हणाली, “काका, कूलर गेला, पण गिरणीवर बायका काय बोलतायत ते आता जास्त नीट ऐकू येतंय.” तिचे निरीक्षण अचूक होते. खालच्या सुरांची घरघर बोलणे झाकून टाकते. झाकण काढले की बोलणे उघडे पडते. अभ्यासाचे लक्ष मोडते ते प्रामुख्याने बोलण्याने, आणि नेमके तेच हे यंत्र सर्वांत कमी अडवते.

दोन हेडफोनांमधील फरक कूलर आणि हॉर्न यांच्यामधील फरकापुढे क्षुल्लक होता. खोक्यावर अमुक डेसिबेल घट असे लिहिलेले असते, पण ती कोणत्या कंप्रतेला हे लिहिलेले नसते. त्या आकड्यापेक्षा मुलीच्या चष्म्याकडे आम्ही अधिक लक्ष दिले. चष्म्याच्या दांडीमुळे गादी कानामागे उचलली जाते आणि त्या फटीतून खालचे सूर आत येतात. एका हेडफोनची गादी जाड आणि मऊ असल्याने त्यात ही गळती कमी होती. गादी बदलून मिळते का आणि बॅटरी क्षीण झाल्यावर दुरुस्ती कोठे होईल, हे विचारून मगच पैसे मोजावेत, असे आम्ही सांगितले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद वाटीतला कान तासाभरात घामाने भिजतो, हेही खोक्यावर लिहिलेले नसते.

मित्राने मात्र त्याच संध्याकाळी जुन्या टायरच्या ट्यूबचे चार तुकडे कापून कूलरच्या पायांखाली सरकवले. फरशीचा घुमारा निम्म्याने तरी कमी वाटला. खर्च शून्य. हेडफोनचा निर्णय त्यांनी मुलीला चष्म्यासह दुकानात नेईपर्यंत पुढे ढकलला.

घरात मित्राचे थोरले बंधू असतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी तीस वर्षे जिनिंगमध्ये यंत्रापाशी काम केले. कानाला कधी कापसाच्या बोळ्यापलीकडे काही लावले नाही, आणि तो बोळाही रोज नव्हता. आठ तासांसाठी ८५ डेसिबेल ही सर्वसाधारणपणे मानली गेलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबेलला ऊर्जा दुप्पट होते. अशा गोंगाटाने आंतरकर्णातील केसपेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या ४,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर टिपणाऱ्या. त्यामुळे नानांना हाक ऐकू येते, पण स, त, फ, ख अशा व्यंजनांचे उंच सूर निसटतात आणि वाक्य कळत नाही. ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ समजतात, आणि घरातले वैतागतात. शाळेत मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थीही याच कारणाने ‘लक्ष न देणारा’ ठरत असतो.

ओल्सन यांनी मनाशी धरलेल्या दोघांपैकी प्रवाशाला हेडफोन मिळाला. दुसऱ्याच्या कानावर तो त्या दिवशी प्रथमच चढला. मुलीने हौसेने नानांना तो लावून दिला आणि बटण दाबले. कूलर सुरू होता. ते थोडा वेळ स्तब्ध बसले आणि मग इकडेतिकडे पाहू लागले. खालचे सूर तेवढेच त्यांच्याकडे उरले होते, आणि यंत्राने नेमके तेच पुसले होते.

“आता तं काहीच यीना,” ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी हेडफोन काढून त्यांनी मुलीच्या हातात दिला. “हे घे माय. कूलर चालू हाय ना?”