तलावातले मासे कोणाचे? झाडीपट्टीतल्या तीन कायद्यांची आणि एका प्रयोगाची गोष्ट

माझं शिक्षण विज्ञानाचं. त्यामुळे तलावांवर काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, पाण्याचे नमुने गोळा करत असेन. तेही करते. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांतला मासा समजून घ्यायचा तर कागदपत्रांत शिरावं लागतं, हे मला उशिरा कळलं. आजची पोस्ट त्याबद्दल.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत मिळून सुमारे 7000 मालगुजारी तलाव आहेत. बोलीभाषेत ‘मामा तलाव’. यातले बरेच गोंड राजांच्या काळातले, आणि बांधणारे म्हणून कोहळी समाजाचं नाव घेतलं जातं. तलाव मुख्यतः धानासाठी. पण त्यात मासे होते, शिंगाडे होते आणि या दोन्हींवर जगणारा ढिवर समाज होता. इंग्रजांनी मालगुजाराला गावाचा मालक ठरवलं, तेव्हा तलावही त्याच्या नावावर गेला. तरी पाणी, मासे यांबाबतची गावाची वहिवाट ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तात लिहून ठेवायची पद्धत होती.

पहिलं वळण 1951 चं. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी रद्द करणारा 1950 चा कायदा अमलात आला आणि बहुतेक तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला, हे चांगलंच झालं. पण पुढे काय झालं बघा. महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल संहितेत कलम 165 आहे. त्यानुसार वाजिब-उल-अर्जमध्ये मासेमारीच्या हक्काची वहिवाट नोंदवायची, पण फक्त सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचं वा ताब्यातलं *नसलेल्या* पाण्यातली! तलाव तर आता सरकारचेच. म्हणजे ज्या पाण्यात पिढ्यानपिढ्या जाळं टाकलं, त्याच पाण्यातली वहिवाट लिहायला या दस्तात जागा उरली नाही. ढिवरांनी सहकारी संस्था काढायची आणि तलाव ठेक्याने घ्यायचा, हा रस्ता राहिला.

दुसरं वळण प्रयोगशाळेतलं. रोहू, कतला, मृगळ हे नदीचे मासे. वाहतं पाणी नसलं की ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे साठलेल्या तलावात सोडले तर वाढतात, पण वंश वाढत नाही. 1957 मध्ये ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचं प्रजनन करून दाखवलं. शोध मोठाच होता. देशभर मत्स्यबीज तयार होऊ लागलं, उत्पादन वाढलं, अनेक संस्था त्यावर उभ्या राहिल्या. पण बीज दरवर्षी विकत आणणं आलं.

मरळ, शिंगी, मागूर यांचं तसं नाही. पावसाळ्यात काठच्या उथळ, गवताळ पाण्यात, धानाच्या बांध्यांत ते आपले आपण वाढतात. हवेतला श्वास घेता येतो, म्हणून उन्हाळ्याच्या चिखलातही तग धरतात. पण मरळ छोटी बोटुकली खातो. म्हणून मत्स्यशेतीच्या पुस्तकांत हे मासे ‘नको असलेले’ ठरले. बीज सोडण्याआधी तळं साफ करायला हेक्टरी 2500 किलोपर्यंत मोहाची पेंड टाका, असा सल्ला असतो. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे आधीचे मासे मरतात. आपल्याच मोहाने आपलाच मरळ! फुकट उगवणारा मासा हटवायचा आणि विकतचा सोडायचा, या हिशेबात ठेकेदार संस्थेचा खर्च आधी होतो आणि पीक नंतर येतं. एखादं वर्ष कोरडं गेलं की कर्ज.

हिशेबातून आणखी एक गोष्ट सुटली, ती म्हणजे तलावाचा काठ. तिथे बेशरम माजली, देशी पाणवनस्पती गेल्या, आणि मरळाची अंडी घालायची जागा गेली. शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांसोबत हे उलटं फिरवायचं काम केलं. बेशरम उपटून देशी वनस्पती लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाची, हे ज्ञान ढिवरांकडे होतंच.

तिसरा कायदा 2006 चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि जलाशयातलं इतर उत्पादन स्पष्ट लिहिलंय. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून बांबूची चर्चा खूप झाली. माशांची त्या मानाने कमी.

मला वाटतं, दावा भरताना वनक्षेत्रातल्या तलावासाठी नुसतं ‘मासेमारी’ लिहून थांबू नये. मरळ, शिंगी, मागूर अशी नावं लिहावीत. ते अंडी कुठल्या काठाला घालतात, कुठल्या महिन्यात गाव जाळं टाकत नाही, हेही लिहावं. जी वहिवाट 1966 च्या कलमात बसली नाही, ती लिहायला इथे जागा आहे. आणि ती सांगू शकणारी म्हातारी माणसं अजून गावात आहेत.