कोंबड्यांमधील पिसे टोचणे

पिसे टोचणे ही पाळीव कोंबड्यांमध्ये आढळणारी वर्तनविषयक विकृती आहे. तिच्यात एक कोंबडी दुसरीच्या अंगावरील पिसे चोचीने ओढते, उपटते आणि अनेकदा खाते. मोठ्या व्यापारी कुक्कुटगृहांप्रमाणेच परसातील पाच-दहा कोंबड्यांच्या लहान कळपातही ती दिसून येते. कळपातील दुबळ्या कोंबडीवर होणारी दांडगाई आणि पिसे टोचणे या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकच समजल्या जातात. मात्र त्यांची कारणे भिन्न असल्याने उपायही वेगवेगळे करावे लागतात.

दर्जाक्रम आणि दांडगाई

नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्डेरुप-एबे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांच्या कळपातील दर्जाक्रमाचे शास्त्रीय वर्णन केले. या क्रमात वरच्या दर्जाची कोंबडी खाद्य, पाणी, अंडी घालण्याची जागा आणि रात्री बसण्याचा दांडा यांवर पहिला हक्क बजावते. तिच्या चोचीचे प्रहार मुख्यतः प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर व तुऱ्यावर होतात. एकदा क्रम ठरला की खालच्या दर्जाची कोंबडी स्वतःहून बाजूला होते आणि गंभीर मारामाऱ्या कमी होतात. नवी कोंबडी आल्यास, एखादी आजारी पडल्यास किंवा जागा अपुरी झाल्यास हा क्रम विस्कटतो. बाजूला होण्यास जागाच नसेल, तर दुबळी कोंबडी खाद्यापासून वंचित राहते, तिचे वजन घटते आणि अंडी कमी होतात.

पिसे टोचण्याचे स्वरूप

पिसे टोचणारी कोंबडी बहुधा आक्रमक नसते. ती शांतपणे दुसरीच्या मागे उभी राहून पाठीवरील व शेपटीच्या बुडाजवळील पिसे उपटते. सौम्य प्रकारात केवळ पिसांची टोके कुरतडली जातात. तीव्र प्रकारात पिसे मुळासकट निघून त्वचा उघडी पडते. या वर्तनाचे सर्वाधिक स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण असे की, ते भक्ष्य शोधण्याच्या सहजप्रवृत्तीचे चुकीच्या दिशेला वळलेले रूप आहे. पाळीव कोंबडीचा प्रमुख पूर्वज असलेला लाल रानकोंबडा दिवसाचा मोठा भाग जमीन उकरण्यात व टोचण्यात घालवतो. पाळीव कोंबडीतही ती प्रवृत्ती टिकून आहे. उकरण्यास काही नसेल, तर तिची चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते.

उघड्या त्वचेतून रक्त आले की लाल रंगाने इतर कोंबड्या आकर्षित होतात. त्यातून स्वजातिभक्षण सुरू होऊन जखमी कोंबडी थोड्याच वेळात मरू शकते. पिसे गेलेल्या कोंबडीच्या शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. त्यामुळे तिला जास्त खाद्य लागते.

कारणांची ओळख

पिसे कोठून गेली आहेत, यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

• डोके व तुरा जखमी : दर्जाक्रमातील संघर्ष.
• पाठ व शेपटीचे बूड उघडे : पिसे टोचणे. मात्र कळपात कोंबडा असल्यास समागमाच्या वेळी त्याच्या नख्यांमुळेही पाठीवरील पिसे जातात.
• अवस्कराभोवती जखमा : अंडे बाहेर पडताना आतील लाल अस्तर क्षणभर दिसते व त्यावर टोचले जाते. अंडी घालण्याची जागा फार उजेडाची असल्यास धोका वाढतो.
• छातीखालची पिसे नाहीत : खुडूक कोंबडीत हे स्वाभाविक असते.
• सर्वांगावरील पिसे झडून नवी कोंब धरतात : वार्षिक पीसगळ. कोवळ्या पिसांत रक्त असल्याने या काळात टोचणीचा धोका अधिक असतो.

खाद्यात प्रथिने, मेथिओनीन हे अमिनो आम्ल, मीठ किंवा तंतुमय भाग कमी असणे, दाटी, प्रखर प्रकाश, उष्णता आणि उवा किंवा लाल माइट यांचा उपद्रव ही पूरक कारणे होत. लाल माइट दिवसा खुराड्याच्या फटींत लपून रात्री रक्त शोषतात, म्हणून तपासणी रात्री करावी लागते.

तातडीचे उपाय

रक्त दिसताच जखमी कोंबडीला वेगळे केले जाते. जखम स्वच्छ धुऊन जंतुनाशक लावतात. तीत अळ्या पडू नयेत म्हणून माश्यांपासून संरक्षण आवश्यक असते. जखम खोल असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा लागतो. जखम पूर्ण भरण्यापूर्वी कोंबडीला कळपात सोडल्यास टोचणी पुन्हा सुरू होते.

दांडगाई एकाच कोंबडीकडून होत असेल, तर जखमी कोंबडीऐवजी त्या दांडग्या कोंबडीलाच काही दिवस बाजूला ठेवणे उपयुक्त ठरते. परतल्यावर तिचे स्थान बहुधा खालावलेले असते. पिसे टोचण्याची सवय मात्र कळपात पसरलेली असल्यास एकीला काढून प्रश्न सुटत नाही.

दीर्घकालीन व्यवस्थापन

मुख्य उपाय म्हणजे चोचीला काम देणे. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा यांची कोरडी, भुसभुशीत गादी ठेवून तीत थोडे धान्य विखुरतात. कोबी किंवा पालेभाजीची जुडी टांगणे आणि धूळस्नानासाठी कोरडी माती व राख ठेवणे हेही उपयोगी आहे. महाराष्ट्रातील परसबागेत कोंबड्या दिवसा मोकळ्या चरतात, त्यामुळे ही गरज आपोआप भागते. सततच्या पावसात त्या खुराड्यात अडकल्या की गादीचे महत्त्व वाढते.

दुबळ्या कोंबडीसाठी खाद्याची व पाण्याची भांडी एकाहून अधिक ठिकाणी ठेवतात आणि आडोसे करतात. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात पिंजराविरहित पद्धतीसाठी प्रति चौरस मीटर वापरयोग्य जागेत कमाल ९ कोंबड्या, प्रत्येकीस दांड्यावर किमान १५ सेंटीमीटर जागा आणि सात कोंबड्यांमागे किमान एक घरटे असे प्रमाण आहे.

नव्या कोंबड्या आणताना त्यांना प्रथम रोगप्रतिबंधासाठी दूर ठेवतात. त्यानंतर जाळीच्या आडून आठवडाभर परिचय होऊ देतात. एकट्या तलंगेवर सर्व रोख येतो, म्हणून किमान दोन पक्षी एकत्र सोडणे श्रेयस्कर असते.

चोच छाटणे

व्यापारी कुक्कुटपालनात चोचीचे टोक छाटण्याची पद्धत रूढ आहे. तिने जखमा कमी होतात, परंतु टोचण्याची मूळ प्रवृत्ती जात नाही. चोचीत मज्जातंतू असल्याने ही क्रिया वेदनादायक ठरते. नॉर्वेने १९७४ मध्ये आणि स्वीडनने १९८८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. लहान कळपात निवारा, खाद्य आणि उकरण्याची सोय सुधारणे शक्य असल्याने छाटणीची गरज सहसा पडत नाही.