साखरपाण्याच्या बाटलीची कुळकथा

अमेरिकेत उन्हाळा लागला की घराघरांच्या ओसरीत आणि खिडकीबाहेर काचेच्या लहान बाटल्या टांगलेल्या दिसतात. आत साखरपाणी असतं आणि ते प्यायला हमिंगबर्ड येतात. हा पक्षी जगात फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि भोवतालच्या बेटांवर सापडतो. साखर मात्र तिथली नव्हे. उसाच्या रसापासून कोरडी, दाणेदार साखर करण्याची विद्या आपल्या भारतातली. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीत उसाची कांडी घेऊन हिस्पॅनिओला बेटावर उतरला. पुढे कॅरिबियन मळ्यांवर गुलामांना राबवून साखरेच्या राशी उभ्या राहिल्या. त्या साखरेने युरोपचा चहा, कॉफी आणि चॉकलेट गोड केलं, आणि श्रीमंतांची चैन असलेली साखर साध्या माणसाच्या कपात आली. स्वयंपाकघरात ती डब्याने असल्याशिवाय पाखराला पाजायचं कुणाला सुचलं असतं?

सुरुवात झाली ती पिंजऱ्यातून. चित्रकार आणि पक्षी-अभ्यासक ऑड्युबॉन यांनी १८३१ साली लिहिलं आहे, की पकडलेल्या हमिंगबर्डना लोक नकली फुलांत मध किंवा साखरेचं पाणी भरून पाजतात. नुसत्या गोडावर ठेवलेले पक्षी वाळत जाऊन काही महिन्यांत मरत. ज्यांना रोज ताजी फुलं मिळत आणि ज्यांच्या खिडकीच्या जाळीतून चिलटं आत येत, ते वर्षभर जगत. या पक्ष्याला साखरेबरोबर किडेही लागतात, हे त्या काळच्या निरीक्षणातच दिसून आलं होतं.

पिंजरा सोडून बागेत, मोकळ्या पक्ष्यासाठी साखर ठेवण्याची कल्पना मला या साऱ्या कथेतली सर्वांत सुंदर वाटते. बॉस्टनजवळच्या ब्रूकलाइन गावच्या कॅरोलाइन सूल यांनी १८९० मध्ये जाड कागदाचं कर्ण्यासारखं फूल केलं, खऱ्या फुलासारखं रंगवलं, आत साखरपाण्याची कुपी बसवली आणि ते बागेतल्या फुलांमध्ये रोवलं. पक्षी आले आणि प्याले. १९०० साली ‘बर्ड-लोअर’ मासिकात त्यांनी हा प्रयोग सांगितला. कुणाला कोंडायचं नाही, बोलवायचं आणि पाजायचं. आपल्याकडे उन्हातून आलेल्याच्या हाती गूळपाणी देतात, तसाच हा पाहुणचार.

१९२८ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने मार्गारेट बोडीन यांचा हमिंगबर्डवरचा लेख छापला आणि ही हौस पसरली. पुढे बॉस्टनच्या लॉरेन्स वेब्स्टर यांनी काच फुंकणाऱ्या कारागिराकडून खास बाटली घडवून घेतली. एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी क्षणार्धात चमकणारा दिवा वापरून या बाटलीवर आलेल्या हमिंगबर्डचे पंख फोटोत थांबवले. ते फोटो १९४७ साली छापून आले. १९५० मध्ये वेब्स्टर यांच्या बाटलीचा नमुना बाजारात विकायला आला.

हा पाहुणचार जमला, कारण घरची साखर आणि फुलातला मकरंद यांचं गोत्र एक आहे. हे पक्षी ज्या फुलांवर जातात, त्यांच्या मकरंदात बहुतेक सुक्रोज असतं, आणि आपल्या डब्यातली साखर म्हणजेही सुक्रोज. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोड चव ओळखणारं जनुक फार पूर्वी गमावलं. हमिंगबर्डच्या घराण्यात मात्र मांसाची खमंग चव (उमामी) घेणारी यंत्रणाच बदलून गोड ओळखू लागली, असं २०१४ साली संशोधकांनी दाखवून दिलं. हवेत एका जागी तरंगताना हा पक्षी नुकतीच प्यालेली साखरच जाळत असतो. साखरेतलं फ्रुक्टोजही त्याचे स्नायू थेट वापरतात. आपल्या स्नायूंना ते फारसं साधत नाही. ते बहुतांशी यकृताकडे जातं आणि जादा झालं की त्याची चरबी होते. म्हणून चार भाग पाण्यात एक भाग साखर हे त्याचं रोजचं जेवण, पण तेच सरबत रोज पेलाभर प्यालो तर आपल्याला बाधेल.

दिवसभर भरलेल्या या बाटलीने पक्ष्यांचं जगणंही बदललं. पॅसिफिक किनाऱ्यावरचा ॲनाज हमिंगबर्ड पूर्वी दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या आसपास राही. बागांतली परदेशी झाडं आणि या बाटल्या यांच्या आधाराने तो आता कॅनडापर्यंत हिवाळा काढतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनी ही बाटली जरूर टांगावी, पण नियम पाळून. पांढरी साखर आणि पाणी, एवढंच. लाल रंग नको, त्याची गरजच नाही. मध नको, पाण्यात तो लवकर आंबतो आणि बुरशी धरतो. गूळही नको, त्यातलं लोह या पक्ष्यांना अपाय करतं. कडक उन्हात दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि बाटली गरम पाण्याने घासून धुवा. महाराष्ट्रात हमिंगबर्ड नाही, फुलातला मकरंद पिणारा शिंजीर आहे. त्याच्यासाठी बाटलीपेक्षा अंगणात जास्वंद लावा.