फादर ऑगस्टस टोल्टन : समतेच्या वचनाची कसोटी

सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे अमेरिकेने १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात घोषित केले. तरीही १८५४ साली मिझुरी राज्यात ऑगस्टस टोल्टन गुलाम म्हणून जन्मले आणि त्यांच्या आईवडिलांचे मालक कॅथलिकच होते, हे आपण विसरता कामा नये. यादवी युद्धाच्या काळात आईने मुलांसह मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉय राज्यातील क्विन्सी गाठले.

पुढे त्यांना धर्मगुरुपदाचे पाचारण झाले. परंतु कृष्णवर्णीय म्हणून अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्यांना प्रवेश दिला नाही. रोम येथे शिक्षण घेऊन २४ एप्रिल १८८६ रोजी त्यांनी गुरुदीक्षा स्वीकारली. आफ्रिकेत जावे लागेल, अशी त्यांची अपेक्षा होती. वरिष्ठांनी मात्र त्यांना मायदेशीच पाठविले. क्विन्सीत व नंतर शिकागोत सेवा करून १८९७ साली, ४३ व्या वर्षी ते प्रभुवासी झाले.

वंशद्वेष हे पाप आहे, असे अमेरिकेच्या बिशपांनी १९७९ च्या पत्रात स्पष्ट केले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी फादर टोल्टन यांना ‘वंदनीय’ घोषित केले. राष्ट्राचे वचन असो वा ख्रिस्तसभेची शिकवण, नाकारलेल्या माणसासाठी आपण दार उघडतो तेव्हाच ती खरी ठरते, असे आम्हांस वाटते.